ठाणे-नवी मुंबईतून पंक, इंडी बँडच्या गिगला (शोला) जाणारं कोणी आहे का इथे? शेवटच्या गाडीचं काय करता?

माजिवडेकर
शनिवार, रात्री १:५०

आत्ताच घरी आलोय. कानात शिट्टी वाजतेय, झोप लागणार नाही, म्हणून लिहितोय.

लोअर परळच्या एका मिल कंपाउंडात तीन बँडचा शो होता. तिकीट चारशे. वेळ लिहिली होती साडेआठची, पहिला बँड चढला पावणेदहाला. मला ज्यांना ऐकायचं होतं ती आमच्या वसंत विहारची पोरं. त्यांचा नंबर शेवटचा. त्यांनी सुरुवात केली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. एकेक गाणं दोन-अडीच मिनिटांचं. मध्ये भाषण नाही, सूर लावत बसणं नाही. ड्रमर काठ्या आपटून चार मोजतो की पुढचं गाणं सुरू. चौथ्या गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली. त्याने ती तशीच लोंबकळत ठेवली आणि उरलेल्या पाच तारांवर गाणं पूर्ण केलं. मी अगदी पुढे उभा होतो. इतका आनंद गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पाचवं गाणं सुरू झालं आणि मला निघावं लागलं. करी रोडपर्यंत पळत. तिथे फास्ट थांबत नाही, स्लो चुकली तर दादरपर्यंत टॅक्सी. मिळाली गाडी. डब्यात बघतो तर शोमधलेच पाच-सहा जण. कोणी मुलुंडचा, कोणी डोंबिवलीचा, एक थेट बदलापूरचा. सगळे पाचव्या गाण्याला उठलेले. बँड ठाण्याचा, ऐकणारे ठाण्याच्या आसपासचे, आणि भेटतो कुठे तर पंचवीस-तीस किलोमीटरवर, तेही अर्ध्यातून उठण्यासाठी.

तुम्ही काय करता? आणि आपल्या बाजूला असे शो होतात का कुठे? कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणारे बँड नकोत. स्वतःची गाणी करणारे.

कळवा_स्लो
शनिवार, रात्री २:१५

त्या डब्यात मीही होतो, दारात, काळी बॅग घेऊन.

माझी पद्धत: तिकीट काढण्याआधी आयोजकाच्या पेजवर बँडचा क्रम विचारायचा. बहुतेक जण सांगतात. आपला बँड शेवटी असेल तर बँडलाच मेसेज करायचा की बाबांनो, मधला नंबर मागून घ्या. दोनदा त्यांनी खरंच घेतला. रविवारी शो असेल तर मेगाब्लॉक बघून ठेवायचा, शनिवारी रात्रीच्या ब्लॉकचीही घोषणा बघायची. खारला शो असेल तर दादरला गाडी बदलण्यात वीस मिनिटं जातात हे धरूनच निघायचं. नवी मुंबईकरांना वडाळ्याला बदलून गोरेगावच्या हार्बरने खारला उतरता येतं, ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि अगदीच चुकली गाडी, तर पहाटे चारच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबायचं. ते मी विशीत केलं. आता सोमवारी ऑफिसात डोळे उघडे राहत नाहीत.

जुना_धोबीतलाव
रविवार, सकाळी ९:०५

धागा वाचून रंगभवन आठवलं. मी तेव्हा नौपाड्यात राहायचो. शेवटच्या गाडीची भीती आम्हालाही होतीच, पण जागा व्हीटीपासून चालत दहा मिनिटांवर. झेवियर्सच्या शेजारी, उघडं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे वर्षानुवर्षं व्हायचा, ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात. भिजलेला शर्ट अंगावरच वाळायचा. रॉक मशीन हा बँड (तोच पुढे इंडस क्रीड झाला) मी तिथे पाहिला. पंक म्हणावं असं फार कमी होतं तेव्हा. हार्ड रॉक, मेटल, आणि बरीचशी परदेशी गाण्यांची कव्हर्स. माहिती मिळवायची तर रिदम हाउसमध्ये जाऊन कॅसेटींची कव्हरं वाचायची. १९९३ मध्ये अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉक संगीताचं नियतकालिक निघायला लागलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की या देशात इतर शहरांतही आपल्यासारखी पोरं आहेत.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज, जवळच रुग्णालयं. तिथला रॉक थांबला. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही, माझे वडील त्याच भागातल्या रुग्णालयात महिनाभर होते. पण त्या बदल्यात शहराने तरुणांना दुसरी जागा दिली नाही, हा राग माझा आजही गेलेला नाही. उघड्यावरचं संगीत बारमध्ये शिरलं आणि मग बारच्या वेळेने वाजायला लागलं. माजिवडेकर, तुमचा बँड अकरा वीसला चढला त्याचं मूळ तिथे आहे. आठ वाजता कोणी पीत नाही, म्हणून आठ वाजता कोणी वाजवत नाही.

नेरुळची_आई
रविवार, सकाळी ११:३०

नमस्कार. मला या संगीतातलं फार कळत नाही, पण विचारायला दुसरी जागा नाही.

मुलगा अकरावीत आहे, सोळा वर्षांचा. बेस गिटार वाजवतो. मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे हा अमेरिकन पंक बँड महालक्ष्मीला येऊन गेला, त्याचे व्हिडिओ पाहून हे वेड सुरू झालं. मग इथल्या बँडची गाणी ऐकायला लागला. मागच्या महिन्यात बाबांना घेऊन एका शोला गेला, तर दारावरच परत पाठवलं. एकवीसच्या खाली प्रवेश नाही. बाबा सोबत असूनही नाही. रडला नाही, पण आठवडाभर बेसला हात लावला नाही त्याने.

मला कायदा समजतो, बारमध्ये त्याला सोडू नये हेही पटतं. पण मग या वयाच्या मुलांनी हे संगीत समोर बसून ऐकायचं कुठे? आमच्या घरामागे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, २०१९ ला यू२ येऊन गेले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन दिवस शो झाले. तिकिटांचे दर ऐकून आम्ही खिडकी उघडून जेवढं येईल तेवढं ऐकलं. शिवाय त्याला हवेत समोर दहा फुटांवर वाजवणारे लोक, ज्यांना नंतर जाऊन विचारता येईल की हा आवाज कसा काढला.

आणि ते धक्काबुक्कीचं काय असतं, ज्याला पिट म्हणतात? आणि कानांचं काय?

सीवूड्स_पूर्व
रविवार, दुपारी १२:१०

काकू, पिटचं मी सांगते. सात वर्षं जातेय.

स्टेजसमोर मध्ये जागा मोकळी होते आणि लोक एकमेकांवर आदळत नाचतात. बाहेरून मारामारी वाटते. आत नियम पक्के असतात: कोणी पडलं की आजूबाजूचे चार जण त्याच क्षणी उचलतात, चष्मा पडला तर सगळे थांबून शोधतात, हाताची मूठ किंवा कोपर वापरायचं नाही. ज्याला नको असेल त्याने कडेला उभं राहायचं. त्याला कोणी ओढत नाही.

वाईट अनुभवही सांगते, नाहीतर खोटं होईल. एका शोला गर्दीचा फायदा घेऊन एकाने हात लावला. मी ओरडले. ड्रमरला दिसलं, तो थांबला, मग सगळा बँड थांबला. गायिकेने माइकवर सांगितलं की हा माणूस बाहेर जाईपर्यंत आम्ही वाजवणार नाही. तो गेला आणि त्यांनी गाणं पहिल्यापासून घेतलं. ज्या जागेत हे झालं, तिथल्या माणसांनी मात्र मला 'जाऊ द्या मॅडम' म्हटलं. त्या जागी मी पुन्हा गेले नाही. त्या बँडचा एकही शो चुकवत नाही.

परत येताना लेडीज डब्यात रात्री पोलीस असतो, तो डबा पाहून बसते.

डॉ_पाचपाखाडी
रविवार, दुपारी १:००

कान-नाक-घसा माझा विषय, म्हणून सविस्तर.

८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा धरतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीतल्या रॉक शोला १०० सहज गाठला जातो. म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या शांततेचा हिशेब धरूनही पहिल्या बँडच्या अर्ध्यातच दिवसाचा कोटा संपतो.

कापसाचे बोळे घालू नका, त्याने जवळजवळ काही अडत नाही. मेडिकलमध्ये फोमचे प्लग मिळतात. बोटांत लाटून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत घालून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. फोमने वरचे सूर जास्त कापले जातात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वाजवणाऱ्या मुलाला संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग घेऊन द्या. सगळे सूर साधारण सारखेच कमी होतात, शब्द कळतात.

माजिवडेकर, तुमची शिट्टी उद्यापर्यंत गेली नाही तर कान तपासून घ्या. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

माजिवडेकर
रविवार, दुपारी ३:२०

डॉक्टर, कमी झालीय. प्लग आजच आणतो.

नेरुळच्या काकू, तुमच्या प्रश्नावर सकाळपासून विचार करतोय. महाराष्ट्रात बिअर-वाइनला एकवीस आणि बाकी दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे जागावाले दारातच अडवतात. पण हा प्रश्न पंकमध्ये फार जुना आहे. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स नावाच्या बँडमधली पोरं १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेली. ती वयाने लहान, म्हणून तिथल्या क्लबने त्यांच्या हातावर काळ्या मार्करने मोठी फुली मारली: यांना आत सोडा, पण दारू देऊ नका. त्यांनी ती कल्पना आपल्या गावी नेली आणि क्लबवाल्यांना पटवलं. पुढे तीच फुली न पिणाऱ्यांनी अभिमानाने मिरवली. त्याच गटातल्या इयन मॅकायचा नंतरचा एक बँड फुगाझी. त्यांनी सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश आणि पाच डॉलरच्या आसपास तिकीट हे वर्षानुवर्षं पाळलं.

न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्येही ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी हार्डकोर (आणखी वेगवान पंक) बँडचे शो होत. दुपारी! शाळकरी पोरं ऐकून संध्याकाळी घरी.

आपल्याला तर हे कोणी शिकवायलाही नको. रविवारी दुपारी साडेचारच्या नाटकाला आपण आजीपासून नातवापर्यंत सगळे जातो आणि आठला घरी येऊन जेवतो.

कळवा_स्लो
रविवार, दुपारी ४:००

कल्पना आवडली, पण एक गोष्ट मनावर घ्या. बारवाले वाईट नाहीत. साउंड सिस्टिम, साउंडवाला, ड्रमसेट, एसी हे सगळं त्या बिअरच्या पैशातून येतं. आजवर मुंबईतले जे पंक बँड आपण ऐकले, रायट पेडलर्स म्हणा, लाइटइयर्स एक्स्प्लोड म्हणा, ते अशाच जागांच्या जिवावर वाढले. बार काढून टाकला तर खर्च कोण करणार? चहा विकून स्पीकरचं भाडं निघत नाही.

झीलकरी
रविवार, संध्याकाळी ६:४५

थोडं अवांतर. वसंत विहारच्या ज्या बँडबद्दल बोलताय त्यांची दोन गाणी मराठीत आहेत, आणि लोक म्हणतात मराठी या संगीतात बसत नाही. मला हे अजिबात मान्य नाही.

शाहिरी बघा. एक डफ, एक तुणतुणं, एक उंच आवाज आणि मागे झील धरणारे. शाहीर ओळ टाकतो, मागचे 'जी जी रं जी' म्हणत ती उचलतात. पंक बँडमध्ये गायक ओळ ओरडतो आणि बाकीचे माइकवर तुटून पडून तीच ओळ परत देतात. फरक डफाच्या जागी गिटारचं खरखरीत डिस्टॉर्शन आलं एवढाच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी मैदानं हलवली ती या तीन-चार माणसांच्या ताफ्यावर. साठच्या दशकात आपल्याकडे पोरांनी स्वतः सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं काढली, मोठ्या प्रकाशकांच्या दारात न जाता. पंकवाल्यांची झेरॉक्स केलेली पत्रकं त्याच्या नंतरची आहेत.

अडचण येते ती लिहिताना. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, 'आहे', 'होतं', आणि ओळ तिथे बसकण मारते. वेगात म्हणायची ओळ आघातावर संपायला हवी. उपाय बोलीत आहे. आपण बोलताना शब्द पुढेमागे करतोच: 'गेली गाडी', 'बंद दार', 'काढ पाय'. गाणं तसंच लिहायचं. इंग्रजी गाण्याचा आराखडा घेऊन त्यात मराठी शब्द भरले की ते जाहिरातीसारखं ऐकू येतं.

रबाळे_जॅमपॅड
रविवार, रात्री १०:३०

उशिरा बघतोय धागा. रबाळे एमआयडीसीत माझा छोटा जॅमपॅड (बँडच्या सरावाची खोली) आहे, एका गाळ्याच्या मागच्या भागात. वसंत विहारचा बँड माझ्याकडेच सराव करतो. सहा वर्षांपूर्वी मी भिंतींना अंड्याचे ट्रे लावले होते. काहीही उपयोग झाला नाही. ट्रेने खोलीतला खणखणाट जरा मरतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि मध्ये हवेची फट. मग खोलीत दुसरी खोली बांधली: दोन थर जिप्सम बोर्ड, मध्ये रॉकवूल, दोन दारं, ड्रमखाली रबरावर उचललेला लाकडी ओटा. बेसचा आवाज तरीही थोडा जातोच, पण रविवारी शेजारचा कारखाना बंद असतो. गादीचा फोम भिंतीला लावू नका, कोणी कितीही स्वस्त दिला तरी. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका क्लबात आतषबाजीने असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या आगीत १४ गेली.

पुढच्या गाळ्यात साठ-सत्तर माणसं उभी राहतात. दोन वेगळी दारं आहेत, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडतात. औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा, तुमच्या सोसायट्यांच्या भागात ५५ ची. रात्री दहानंतरचा प्रश्नच नको, आपण सातला बंद करू. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून मी आणतो, गाळामालकाचं पत्र घेतो.

@कळवा_स्लो, तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून हिशेब मांडतो. साठ माणसं, दोनशे रुपये, बारा हजार. स्पीकर-मिक्सर भाड्याने पाच हजार, साउंडवाला दोन हजार, तीन बँडना प्रत्येकी दीड हजार. पाचशे उरतात, त्यात पाणी आणि चहा. ड्रमसेट माझा, ड्रमरने फक्त स्नेअर आणि झांजा आणायच्या. जागेचं मी काही घेत नाही. चाळीसच आले तर मात्र भागणार नाही.

रबाळे स्टेशन ट्रान्स-हार्बरवर. ठाण्याहून तिसरं, नेरुळहून बिन-बदलाची गाडी.

नेरुळची_आई
रविवार, रात्री १०:४१

आम्ही तिघे. पैसे कुठे पाठवू?

सीवूड्स_पूर्व
रविवार, रात्री १०:५८

दारावर मी उभी राहते. तिकीटही बघेन आणि कोणाला काही त्रास झाला तर सांगायला एक ओळखीचा चेहरा असेल. सुरू होण्याआधी माइकवर हे सांगायचं, एवढीच अट.

कळवा_स्लो
सोमवार, सकाळी ८:१०

दहा जणांची जबाबदारी माझी. गिटारवाल्यांनो, मालडब्यात चढा, रविवारी मोकळा असतो.

जुना_धोबीतलाव
सोमवार, सकाळी ९:००

माझं एक तिकीट. खुर्ची मिळाली तर बरं, गुडघे धरतात. आणि दोन तिकिटांचे जादा पैसे घ्या, ज्या पोरांकडे दोनशे नसतील त्यांच्यासाठी.

माजिवडेकर
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३५

घरी आलोय, जेवणही झालं.

एकोणसाठ तिकिटं गेली. सव्वाचारला पहिला बँड, म्हणजे पंधरा मिनिटं उशीर, आणि त्याचं कारण मिक्सरची एक वायर. पत्रे तापलेले, पंखे कमी, सगळे घामाघूम. पुढच्या वेळी निदान चार मोठे पंखे लागतील. शेजारच्या गाळ्यातल्या वॉचमनने दोनदा डोकावून पाहिलं, तिसऱ्यांदा स्टूल घेऊन आला. नेरुळच्या काकू शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या, कानात केशरी प्लग घालून. त्यांचा मुलगा मधल्या बँडच्या बेसवाल्याच्या पायातले पेडल बघत बसलेला. सेट संपल्यावर त्या दादाने त्याला खाली बसवून एकेक बटण दाबून दाखवलं, मग स्वतःचा बेस त्याच्या गळ्यात घातला.

आमच्या वसंत विहारच्या पोरांनी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात केली. पाचवं गाणं आलं. ते मराठीत आहे, मला माहीतच नव्हतं. माजिवड्याच्या पुलाखाली बसची वाट बघणाऱ्या माणसाबद्दल. कडवं एकटा गायक म्हणतो, अगदी बोलल्यासारखं, गिटार जवळजवळ गप्प. मग ड्रम येतो आणि बाकीचे दोघे माइकवर येऊन शेवटचे दोन शब्द परत परत ओरडतात. तिसऱ्या वेळेला झीलकरींनी मागून ते उचलले, चौथ्या वेळेला सगळ्या गाळ्याने. धोबीतलाव काका खुर्चीतून उठले होते.

त्यानंतर त्यांनी आणखी सहा गाणी वाजवली.